उणे दोन पॉइंट नऊ

धंतोलीतल्या त्या गल्लीत
दर दुसऱ्या पाटीवर एकेक अवयव लिहिलेला.
मला तळघरात झोपवलं.
यंत्राचा एक हात माझ्यावरून सरकत गेला,
सावकाश,
मी ताण्यावरून फिरवायचो तसा,
तुटका धागा शोधत.

कागद आला. उणे दोन पॉइंट नऊ.
बोरकुटे मॅडम म्हणाल्या,
उणे अडीचपर्यंत घसरलं की आम्ही त्याला रोग म्हणतो.

मी म्हटलं, मॅडम,
तांडापेठेत अडतीस वर्षं खड्ड्याचा माग चालवलाय.
हे पाय बघा.
हा तर बायांचा आजार ना?

त्यांनी जुनी फाइल उघडली.
प्रोस्टेटसाठी दर तीन महिन्यांनी
पोटात सुई घेता ना, भाऊराव?
ती गाठीला उपाशी ठेवते.
तुमचं पुरुषांचं हार्मोन बंद करते.
पण त्यातलंच थोडंसं
अंग गुपचूप बायांच्या हार्मोनात बदलून घेत असतं,
सगळ्याच पुरुषांचं,
आणि हाडं धरून ठेवायचं काम
जास्त करून तेच करतं.
आता दोन्ही बंद.

बाहेर ऑटोवाले भांडत होते.
मी टोपी मांडीवर ठेवून बसून राहिलो.

म्हणजे इतकी वर्षं या मिशांमागे
कुणी बाई राबत होती माझ्यात,
आणि मला तिचा पत्ता नव्हता.

घरी आलो, तर कौतिका कोथिंबीर निवडत बसलेली.
तिला आकडा सांगितला, बाकीचं नाही सांगितलं.
मग तिच्या बोटांकडे बघत बसलो.
याच बोटांनी तिने कांड्या भरल्या,
पहाटे चारला, पोर पाठीशी बांधून,
दिवसाला किती, कुणी मोजल्या नाहीत.
सोसायटीचा मुनीम लुगडी मोजायचा
आणि वहीत नाव लिहायचा, भाऊराव सोनकुसरे.
बाणा तिच्या हातचा होता.
बाण्याशिवाय ताणा म्हणजे
नुसते टांगलेले दोरे.

डिसेंबरात एका रात्री,
आमच्या बोळीत टायर जाळून पोरं शेकत होती,
आणि माझ्या छातीतून आग उठली,
मानेवर, कानांवर.
मेच्या उन्हाशी या शहराची ओळख आहे,
ते दारातून येतं, कूलर लावला की ऐकतं.
हे आतून आलं.
बनियन पिळावी इतका घाम,
आणि मग लगेच थंडी, दात वाजायला लागले.

तिने दिवा लावला नाही.
अंधारातच ओला टॉवेल दिला
आणि म्हणाली,
"मले असं सात वर्षं होत होतं.
तवा तुम्ही का म्हटलं होतं, आठोते का?"

आठवत होतं.
मी कूस बदलली होती
आणि म्हटलं होतं, पंखा वाढव अन् झोप.

आता माळ्यावरचा डबा माझ्या हाताला लागत नाही.
दोन इंच कुठे गेले, कुणाला विचारावं?
लग्नाच्या फोटोत ती माझ्या खांद्याला लागते,
परवा बेसिनच्या आरशात
आमचे दोन्ही कपाळ एका रेषेत होते.
ती हसली. मलाही आलं हसू, जरा उशिरा.

आठवड्याला एक गोळी,
उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत,
घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
तो अर्धा तास आम्ही चालतो,
कमाल चौकापर्यंत जातो आणि परत येतो.
तर्रीपोह्याच्या ठेल्याचा वास येतो, मी नुसता बघतो.
फुटपाथच्या फरशा उखडलेल्या,
मेट्रोच्या खांबाखाली वाळू सांडलेली.
आधी मी पुढे चालायचो, ती मागे.
आता तिने माझं कोपर धरलेलं असतं,
घट्ट, नवी कांडी धोट्यात बसवावी तसं,
आणि दर खड्ड्याला म्हणते,
"पाहून चाला ना बाप्पा,
पडले तर मले नाई उचलता येत."